धोंडुबाईच्या झोपेची वही

"पोरगा घोरतो, सून घोरते, मांजर पन घोरतं. जागी कोन, तर धोंडू! ह्या घराला वेगळा वाचमन नको नि कुत्रा नको."

पडद्यापलीकडून ही कुरकुर आली तेव्हा मालू जागीच होती. पडदा म्हणजे दोरीवर टाकलेलं जुनं लुगडं. अलीकडे मालू आणि तिचा नवरा गोविंदा, पलीकडे सासू धोंडुबाई. बावीस वर्षं सासू-सुनेच्या मध्ये तेवढंच एक लुगडं होतं आणि त्याच्यातून काही म्हणता काही अडत नसे. खोकला नाही, उसासा नाही, टोमणा तर नाहीच. मालू घोरत नव्हती हे सासूला चांगलं माहीत होतं. म्हणून तर ती बोलली. झोपलेल्या माणसाला टोमणा मारून काय उपयोग?

"उठते हो आई," मालू म्हणाली.

"मी कुठं काय बोलले? तू झोप गो. तुला येते ना, तू झोप."

चार वाजायला आले होते. मालू उठलीच. तिला चारला उठायचंच असे, अभ्यासाला.

हे अभ्यासाचं खूळ तिच्या डोक्यात चाळिशी ओलांडल्यावर शिरलं. शाळा सातवीत सुटलेली. पण मुक्त विद्यापीठात पूर्वतयारीची परीक्षा दिली की पुढे बी.ए.ला बसता येतं, हे तिला पापड बांधायला आणलेल्या रद्दी पेपरात दिसलं. तिने तो कागद घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवला आणि महिनाभराने गोविंदाला दाखवला. गोविंदा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा. तो म्हणाला, "शीक की. मला काय, मी तर अर्धा वेळ झोपेत असतो." आता ती पहिल्या वर्षाला होती आणि मानसशास्त्राची ओळख नावाचं जाडजूड पुस्तक तिच्या मानेवर बसलं होतं. जाणीव, झोप, स्वप्नं, मनावर परिणाम करणारे पदार्थ, स्मरण आणि विस्मरण. परीक्षा मे महिन्यात, म्हणजे ऐन पापडाच्या हंगामात.

पेणमधल्या रामवाडीतल्या त्यांच्या घरात फाल्गुन लागला की पोह्याचे पापड सुरू होत. लाटायला शेजारची शांती येई, मालू असे, पण पीठ मळायचं धोंडुबाईनेच. पोह्याचं पीठ, पापडखार, मीठ, हिंग, तिखट. किती, ते तिच्या बोटांना ठाऊक. कोणी विचारलं तर ती हाताची ओंजळ दाखवायची नि म्हणायची, "एवढं." ओंजळ प्रत्येक वेळी वेगळी दिसायची, पापड मात्र तोच उतरायचा. दाजी म्हणून एक दुकानदार वर्षानुवर्षं त्यांचेच पापड नेई, आणि गिऱ्हाइकाला सांगे, "हे धोंडुबाईचे." पापडाला स्वतःचं नाव असणं ही धोंडुबाईची सगळी इस्टेट होती.

आणि त्या वर्षी ती इस्टेट हलायला लागली.

पहिल्यांदा एक घाणा मळताना मीठ राहिलं. सगळे हसले. मग एकदा तिने शांतीला एकाच सकाळी तीनदा विचारलं की तुझ्या नणंदेचं बाळंतपण झालं का. शांतीने तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा जरा हळू आवाजात. मग गोविंदाची बहीण हौसा रोह्याहून येऊन दोन दिवस राहून गेली, आणि आठवड्याने धोंडुबाई म्हणाली, "हौसा किती दिसांत आली नाय." आणि मग दाजीकडून अख्खा डबा परत आला. तळले की पापड लालेलाल होत होते आणि जिभेला कडू लागत होते. म्हणजे पापडखार दुप्पट पडलेला.

"खार भेसळीचा असंल," गोविंदा म्हणाला.

"हवा दमट होती," शांती म्हणाली.

धोंडुबाईने एक पापड तोडून तोंडात टाकला, चावला आणि उरलेला चुलीत टाकला.

त्याच संध्याकाळी हौसाचा फोन आला. "दादा, आईला माझ्याकडं ठेव. तिसऱ्या मजल्यावर हवा चांगली हाय. तिला काय काम नको. बसून टीव्ही बघू दे." मोबाईल एकट्या गोविंदाकडे होता आणि तो फोन कानापासून वीतभर लांब धरून बोलत असे, त्यामुळे हे सगळ्या घराने ऐकलं. धोंडुबाईने लुगड्याच्या पडद्याआड तोंड फिरवलं. काम नको म्हणणं आणि तू आता गेलीस म्हणणं, यात तिच्या लेखी फारसा फरक नव्हता. मालूलाही ते कळत होतं. परीक्षेपेक्षा तिला आता तिसऱ्या मजल्याची भीती वाटायला लागली.

खरं दुखणं झोपेचं होतं, असं सगळे धरून चालले होते. धोंडुबाईला वर्षभर पहाटे तीनला जाग यायची, पुन्हा डोळ्याला डोळा लागायचा नाही. दिवाळीनंतर तिला पेणमधल्याच एका डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर तरुण होते, कागदावर एकेक विचारून लिहून घेत होते.

"चहा किती वेळा?"

"दोनदा. पावनं आलं तर तीनदा."

"तंबाखू?"

"नाय हो! आमच्या घरात कोन शिवत पन नाय."

मालू शेजारी बसली होती आणि तिने अगदी मनापासून मान डोलावली होती. डॉक्टरांनी लिहिलं, तंबाखू नाही. अर्धी गोळी दिली. अर्धीने भागलं नाही तेव्हा पूर्ण दिली.

आता यात मालू खोटं वागली असं कोणी म्हणू नये. त्याच दिवशी पहाटे परसदारी बसून दोघींनी मशेरी लावली होती, हे खरं. पण मशेरी म्हणजे तंबाखू, असं त्या मुलखात कोणीही बाई मानत नाही. तंबाखू पुरुष खातात, पिचकाऱ्या टाकतात, बदनाम होतात. मशेरी बायका लावतात, दात घासायला. पान आणायचं, तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, सगळ्या आळीला ठसका लागेस्तोवर. मग कुटून डबीत भरायचं आणि बोटाने हिरड्यांना लावून बसायचं. ती दंतमंजनाच्या खात्यात मोडते. दिवसातून सात वेळा दात घासावे लागतात, त्याला काय करणार!

आणि ते पहाटेचं बसणं. कोंबडे आरवायच्या आधी, परसातल्या पायरीवर, दोघींच्या मध्ये एक डबी. तोंडात मशेरी असली की नीट बोलता येत नाही, म्हणून फार खोटंही बोलता येत नाही. मालूला पहिल्यांदा दिवस गेले ते तिने तिथेच सांगितलं. गोविंदाचे वडील, मोरू, गेले त्यानंतर धोंडुबाई घरात कधी रडली नाही, पण पायरीवर रडली. दिवसभर त्या सासू-सून असत. त्या पाव तासात त्या कोण असत, ते पुस्तकातल्या कुठल्याच प्रकरणात मालूला सापडलं नव्हतं.

तर अभ्यास असा चाले. पापड लाटताना पुस्तक पाटावर उघडं, मालू मोठ्याने वाची, धोंडुबाई पीठ कुटताना ऐके आणि मध्येमध्ये परीक्षा घेई.

"झोपेच्या पायऱ्या असतात," मालू वाचायची. "पहिली हलकी, मग खोल, मग त्याहून खोल, मग स्वप्नांची."

"मग मी पहिल्याच पायरीवर बसते म्हनायची. वर घेत नाय मला कोन."

"खाली, आई. खाली उतरायचं असतं."

"मग तर गुडघ्यांचा दोष."

शांती हसून लाटी चुकवायची.

"नवी आठवण आधी कच्ची असते," मालू पुढे वाचायची. "ती पक्की व्हायला वेळ लागतो. चांगली झोप मिळाली तर ती पक्की होते."

धोंडुबाईने मुसळ थांबवलं. "म्हंजे वाळवन. ओला पापड डब्यात भरला की त्याचं वाटोळं. त्यात काय एवढं लिहायचं? आमाला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मालूने ते समासात पेन्सिलने लिहून ठेवलं. तिला पुस्तकातल्या वाक्यापेक्षा ते लक्षात राहणार होतं.

फक्त एका ठिकाणी ती वाचताना पानं उलटायची. मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांचं प्रकरण. दारू वाचायची, मग शांती नवऱ्याच्या नावाने बोटं मोडायची. गांजा वाचायची, अफू वाचायची, मग पूर्वीच्या बाळांना अफूची गोळी कशी देत त्याच्या गोष्टी निघायच्या. आणि मग मालू दोन पानं एकदम उलटायची आणि थेट झोपेच्या गोळ्यांवर यायची. ती दोन पानं तिने स्वतःशी वाचली होती. एकदा. नंतर दिवसभर तिच्या तोंडाला चव नव्हती आणि तरी संध्याकाळी तिने डबी उघडली होती.

चैत्रात रोह्याच्या अभ्यासकेंद्रातल्या सुहासिनी मॅडमनी प्रात्यक्षिक दिलं. घरातल्या एका माणसाच्या झोपेची पंधरा रात्रींची नोंदवही. छापील तक्ता होता. किती वाजता अंथरुणावर, किती वाजता झोप, किती वेळा जाग, दिवसा डुलक्या किती. आणि शेवटचा रकाना, झोपेआधी व रात्री घेतलेले पदार्थ.

मालूने सासूला विचारलं, "आई, तुमची झोप लिहू का?"

"नसलेली गोष्ट कशी लिहिनार? लिही बापडी. पास होशील तर माझी झोप कारनी तरी लागंल."

पहिल्या रात्री मालूने लिहिलं. साडेनऊला अंथरूण. गोळी. पावणेदहाला घोरणं सुरू. दीडला जाग. दीड वाजून दोन मिनिटांनी पडद्यापलीकडे डबीच्या झाकणाचा टक् असा आवाज. शेवटच्या रकान्यात तिने गोळी असं लिहिलं, पेन्सिल थोडा वेळ धरून ठेवली आणि एक टिंब दिलं. तीनला पुन्हा जाग, पुन्हा टक्. दुसरं टिंब.

नाव लिहायला तिचा हात धजेना. नाव लिहायचं तर त्याच्यापुढे स्वतःचंही लिहावं लागलं असतं.

पाच रात्रींत टिंबं अकरा झाली. तक्त्याकडे नीट बघितलं तर दिसत होतं की सासूला जाग आल्यावर ती डबी उघडते असं नव्हतं. डबीची वेळ झाली की जाग येत होती. वहीतल्या डुलक्याही मोजण्यासारख्या होत्या. डोळ्याला डोळा न लागणारी धोंडुबाई दिवसा भिंतीला टेकून तीन डुलक्या काढायची आणि वर म्हणायची, "जरा डोळे मिटून बसले व्हते."

सहाव्या रात्री तीनचा टक् झाला आणि पाठोपाठ पावलं वाजली. मालूने लुगडं बाजूला केलं. धोंडुबाई स्वयंपाकघरात दिवा न लावता, सवयीच्या हातांनी, सकाळसाठी काढून ठेवलेल्या पिठाच्या परातीवर काहीतरी भुरभुरत होती. मालू मागे जाऊन उभी राहिली. पापडखार. मोजून, ओंजळीने, चांगला पसरून.

"आई?"

"झालं, झालं," धोंडुबाई म्हणाली, हात झटकला, आपल्या अंथरुणावर गेली आणि लगेच घोरायला लागली.

सकाळी ती परातीपाशी बसली आणि पहिला हात खाराच्या डब्याकडे गेला.

"आई, तो तुम्ही रात्री—" मालूच्या तोंडून गेलं.

"मी? कवा?"

त्या चेहऱ्यावर जे आलं ते मालूला बघवलं नाही. बाजारात हात सुटलेल्या पोराचं येतं तसलं काहीतरी.

"नाही, मी घातलाय. माझाच घोळ. तुम्ही नका घालू."

"मग सांगशील का नाय?" धोंडुबाई खेकसली, आणि खेकसताना तिचा चेहरा पुन्हा जागेवर आला. "शिकायला लागल्यापास्नं तुझंच ध्यान नाय."

त्या दिवशी पापड उत्तम उतरले. मालू लाटता लाटता मनात जुळवत होती. सासू विसरत नव्हती. गोळीच्या अमलात, आणि तो अंमल दिवसाही पुरता उतरत नसे, जे घडत होतं ते मुळात साठवलंच जात नव्हतं. वाळत घालायच्या आधीच कोणीतरी उचलून नेत होतं. एक गोळी झोपवायची, एक डबी उठवायची, आणि मधल्या मधे धोंडुबाई पिठात दोनदा खार घालायची. पुस्तकातली तीन प्रकरणं एका म्हाताऱ्या बाईच्या अंगात एकमेकांशी भांडत होती.

रविवारी मालू अर्धवट भरलेली वही घेऊन पॅसेंजरने रोह्याला गेली. नागोठण्यापर्यंत तिने वही तीनदा उघडली आणि मिटली. सुहासिनी मॅडम जमीनजुमल्याच्या घरातल्या, शाळेत शिकवणाऱ्या, बोलायला मऊ. त्यांनी वही लक्ष देऊन बघितली. "छान केलंय हो मालूताई. पण ही टिंबं कसली?"

"ते... उठल्या की तोंड धुतात."

"रात्रीतून तीनदा?"

"स्वच्छता फार आहे त्यांना."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या दातांकडे पाहिलं, आणि मग खिडकीबाहेर. मालूने ओठ मिटून घेतले. "हे बघा," मॅडम म्हणाल्या, "गुण मी देईनच. पण ज्या डॉक्टरांनी गोळी दिली ना, त्यांना ही वही दाखवा. गोळी आपली आपण बंद करू नका. आणि डॉक्टरांना टिंबं वाचता येत नाहीत, एवढं लक्षात ठेवा."

गोविंदाची फस्ट शिफ्ट सुटली तेव्हा दोघं एकाच गाडीने परत निघाली. मालूने त्याला पापडखाराची गोष्ट सांगितली. तो तिच्याकडे वळून बसला. मग म्हणाला, "म्हंजे डोकं ठीक हाय आईचं."

"ठीक आहे. तुमच्याआमच्याहून बरं."

"मग हौसाला सांगतो, नको नेऊ."

"आणि ते दुसरं?"

"कुठलं दुसरं?"

"तुम्हाला ठाऊक आहे कुठलं."

गोविंदाने खिडकीची काच वर केली, पुन्हा खाली केली. "तू सांग."

"तुमची आई आहे."

"तुझी सासू हाय."

"कंपनीत सेफ्टीवर अर्धा तास भाषण देता म्हणे."

"कंपनीत आई नसते," गोविंदा म्हणाला. कासू स्टेशन गेलं तरी दोघं त्यावर हसत होती. पण सांगायचं कोणी, ते काही ठरलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पायरीवर मालू पुस्तक घेऊनच बसली. हातात बॅटरी. दोघींनी मशेरी लावली. धोंडुबाई म्हणाली, "वाच काय ते. दारूपासून वाच, मजा येते."

मालूने दारू वाचली, गांजा वाचला, अफू वाचली आणि पान उलटलं.

"दोन पानं उलटलीस गो."

"चिकटली होती."

"काल पन चिकटलेली, परवा पन. मला वाचता येत नाय, पानांचा आवाज ऐकता येतो. त्या दोन पानांवर काय माझं नाव छापलंय?"

मालूने थुंकून चूळ भरली. परत पान उलटलं. आणि वाचलं. तंबाखूतलं द्रव्य उत्तेजक असतं. सवय झालेल्या शरीरात रात्री त्याचं प्रमाण कमी झालं की तलफ येते आणि झोप मोडते. तंबाखू ओढली, चघळली किंवा भाजून हिरड्यांना लावली, तरी परिणाम तोच. तोंडाचं काय होऊ शकतं तेही होतं खाली. तिने ते सगळं वाचलं, आवाज एकसारखा ठेवून, परीक्षेत वाचतात तसं.

धोंडुबाई ऐकत राहिली. मग तिने डबी बंद केली, कनवटीला खोचली आणि म्हणाली, "चहा टाक."

पुढचे तीन दिवस ती त्यावर एक अक्षर बोलली नाही. पहाटे पायरीवर आली, बसली, लावली, उठली. मालू शेजारी बसून होती, पण तो पाव तास आता नुसता पाव तास होता. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. मालूच्या मनात आलं, मरू दे ती बी.ए. पानं चिकटलेलीच बरी होती. एकदा तर तिने तोंड उघडलं, पुस्तकात काहीही लिहितात हो आई, असं म्हणायला. पण धोंडुबाई परसातल्या शेवग्याकडे अशी बघत होती, जणू तो आत्ताच उगवला होता. मालूने तोंड मिटलं.

गुरुवारी सगळे डॉक्टरकडे गेले. गोविंदा नाईट करून आलेला, डोळे लाल. हौसा रोह्याहून आली होती, आईला न्यायच्या तयारीने, सोबत रिकामी पिशवी. एवढ्या माणसांना खुर्च्या पुरल्या नाहीत, म्हणून गोविंदा वजनकाट्यावर उभा राहिला.

डॉक्टरांनी वही घेतली. पहिल्यांदा वरवर, मग नीट, मग पहिल्या पानापासून. "हे कोणी लिहिलं?"

"माझ्या सुनेनं," धोंडुबाई म्हणाली. चार दिवसांत मालूविषयी तिने काढलेला हा पहिला शब्द. "बी.ए. करतेय."

"इतकं व्यवस्थित मला कोणी आणून देत नाही." सहाव्या रात्रीच्या नोंदीवरून त्यांनी मालूकडून खाराची गोष्ट विचारून घेतली, आणि मालूला ती आता सासूसमोर खरी सांगावी लागली. धोंडुबाईने सगळं ऐकलं. "म्हंजे मीच घातला व्हता," ती म्हणाली. "आनि तू म्हनालीस तू."

"हो आई."

"खोटारडी," धोंडुबाई म्हणाली, पण तिचा हात मालूच्या गुडघ्यावर आला आणि तिथेच राहिला.

"आजी, तुमच्या स्मरणशक्तीला काही झालंय असं मला वाटत नाही," डॉक्टर म्हणाले. "गोळी मात्र तुम्हाला मानवत नाही. ती हळूहळू कमी करू. पण मग ही जाग का येते ते शोधायला हवं. रात्री ठरावीक वेळेला कशाने तरी उठताय तुम्ही." त्यांचं बोट शेवटच्या रकान्यात थांबलं. "ही टिंबं काय आहेत?"

पंखा फिरत होता. गोविंदा वजनकाट्यावर होता, त्याने खाली वाकून आपलं वजन बघितलं. हौसाने पिशवीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. तिच्या पर्समध्येही एक छोटी डबी होती. मालूच्या जिभेवर शब्द येऊन उभा राहिला आणि दातांच्या मागे थांबला. डॉक्टरांनी जुना कागद बाहेर काढला, त्यावर बघितलं. "इथे तर तंबाखू नाही असं लिहिलंय."

"ते खोडा," धोंडुबाई म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली.

"मशेरी हाय ती. आमी मशेरी बोलतो, पन तंबाखूच हाय. भाजली म्हनून तिची काय नाचनी होत नाय. दिसातनं सातदा लावते नि रातीला तीनदा. तुमी तवा विचारलंत, मी नाय म्हटलं, ही पन नाय म्हनाली. आमाला खरंच वाटत व्हतं." मालूच्या गुडघ्यावरचा हात जरा घट्ट झाला. "आनि हिला मी लावली. नवी आली तवा परसदारी बसून आयशीच्या आठवनीनं रडायची. मला काय शिकवलं नव्हतं कोनी, काय बोलायचं ते. डबी व्हती, ती पुढं केली. माझ्यामुळं लागली हिला. सुटायची असंल तर एकटीला नाय सुटायची, डॉक्टर. दोघींचं एकाच कागदावर लिहा."